फेर्मा संख्या, पाचवी

फेर्मा संख्या, पाचवी : (४,२९,४९,६७,२९७). २ या संख्येचा बत्तिसावा घात घेऊन त्यात १ मिळविला असता येणारी दहा अंकी पूर्णांक संख्या. शब्दांत ती चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव अशी वाचतात. पिअर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी ही संख्या अविभाज्य आहे, म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा भाजक नाही, असे १६४० मध्ये मानले. १७३२ मध्ये लेओनार्ट ऑयलर यांनी तिला ६४१ ने निःशेष भाग जातो असे दाखविले. एका थोर गणितज्ञाचे अनुमान एका साध्या भागाकाराने कोसळल्याचे उदाहरण म्हणून ही संख्या प्रसिद्ध झाली. तथापि तिचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. भाजकांचे स्वरूप, दोन वर्गांच्या बेरजेचा सिद्धांत, पट्टी व कंपास यांनी करावयाच्या भूमितीय रचना आणि अविभाज्यतेच्या कसोट्या असे संख्या सिद्धांताचे अनेक धागे या एका संख्येत गुंतलेले आहेत.

(या नोंदीत अ^न म्हणजे अ या संख्येचा न वा घात असे समजावयाचे आहे. घातांकातच पुन्हा घात असेल तेव्हा तो कंसात दिला आहे.)

फेर्मा संख्यांची मालिका : न या पूर्णांकाला ०, १, २, ३,... अशा किमती देऊन २^(२^न) + १ या सूत्राने मिळणाऱ्या संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात व त्या फ(०), फ(१), फ(२),... अशा लिहितात. पहिल्या पाच संख्या ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या असून पाचही अविभाज्य आहेत. न = ५ घेतल्यास २^३२ + १, म्हणजेच प्रस्तुत संख्या मिळते. मोजणी शून्यापासून केलेली असल्यामुळे ती क्रमाने सहावी असली, तरी तिला पाचवी म्हणण्याची रूढी आहे.

घातांक स्वतः २ चा घात असण्याची अट सहेतुक आहे. घातांकास १ हून मोठा विषम भाजक असेल, तर २^म + १ या संख्येचे अवयव बीजगणितानेच पडतात. उदा., २^६ + १ = ६५ यात ६ ला ३ हा विषम भाजक असल्यामुळे २^२ + १ = ५ हा अवयव येणारच. म्हणून २^म + १ ही संख्या अविभाज्य होण्यासाठी म हा २ चा घात असणे आवश्यक आहे. ही अट पुरेशीही आहे, असे फेर्मा यांना वाटले.

मालिकेतील प्रत्येक संख्येचा तिच्या आधीच्या सर्व संख्यांशी एक सुंदर संबंध आहे. आधीच्या सर्वांचा गुणाकार करून त्यात २ मिळविले की पुढची संख्या येते. त्यानुसार ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५ आणि फ(५) ही त्याहून २ ने मोठी. यावरून असे निघते की, कोणत्याही दोन फेर्मा संख्यांना १ खेरीज समान भाजक नाही. कारण असा भाजक असल्यास त्याने २ ला भाग जावा लागेल आणि फेर्मा संख्या तर सर्व विषम आहेत. क्रिस्टिआन गोल्डबाख यांनी १७३० मध्ये ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट आली आहे. प्रत्येक फेर्मा संख्येला निदान एक स्वतंत्र अविभाज्य भाजक असलाच पाहिजे, म्हणून अविभाज्य संख्या अनंत आहेत, हे युक्लिड यांच्या सिद्धतेहून वेगळ्या मार्गाने येथे आपोआप सिद्ध होते.

आकारमानाची कल्पना यावी म्हणून बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची सुपरिचित कथा घेता येईल. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४ याप्रमाणे दुप्पट करीत गेल्यास पटाच्या पहिल्या अर्ध्या भागातील ३२ घरांत मिळून २^३२ - १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ दाणे होतात. फ(५) ही संख्या त्याहून फक्त दोन दाण्यांनी अधिक आहे. संगणकाच्या ३२ बिटांच्या शब्दात मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच ४,२९,४९,६७,२९५ होय. त्यामुळे फ(५) अशा शब्दात किंचितशी मावत नाही. द्विमान पद्धतीत ती लिहिण्यास ३३ अंक लागतात : दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये.

फेर्मा यांचे अनुमान : फेर्मा हे व्यवसायाने तूलूझ येथील न्यायसंस्थेचे सदस्य होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळेतला छंद होता व आपले शोध ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध न करता पत्रांतून कळवीत. ऑगस्ट १६४० मध्ये बेर्नार फ्रेनिकल द बेसी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या रूपाच्या सर्व संख्या अविभाज्य असल्याचा आपला विश्वास व्यक्त केला. सिद्धता मात्र आपणापाशी नाही हेही सांगितले. १६५४ मध्ये ब्लेझ पास्काल यांना लिहितानाही त्यांनी सिद्धतेचा अभाव मान्य केला होता. त्यांनी खोटा दावा केला असे जे कधीकधी म्हटले जाते, ते म्हणूनच अन्यायाचे आहे.

आश्चर्याची गोष्ट निराळीच आहे. फ(५) चा भाजक शोधण्यासाठी लागणारे साधन फेर्मा यांच्याच हाती होते. १६४० मध्येच त्यांनी ‘फेर्मा यांचे लघुप्रमेय’ या नावाने पुढे ओळखला गेलेला सिद्धांत मांडला : प ही अविभाज्य संख्या असून तिने अ ला भाग जात नसेल, तर अ^(प-१) या संख्येला प ने भागल्यास बाकी १ उरते. याच विचाराच्या आधारे त्यांनी २^३७ - १ = १,३७,४३,८९,५३,४७१ या बारा अंकी संख्येचा २२३ हा भाजक शोधून काढला होता. ७४ च्या पटीहून १ ने अधिक असलेल्या अविभाज्य संख्याच तेथे तपासावयाच्या होत्या व १४९ नंतर लगेच २२३ हाती लागली. त्याहून कितीतरी लहान असलेल्या २^३२ + १ या संख्येच्या बाबतीत हीच रीत त्यांनी वापरली नाही की वापरताना एखादा भागाकार चुकला, हे सांगण्यास पुरावा नाही. आकडेमोडीतील चूक हे कारण अधिक संभवनीय वाटते. नुसत्या अडाणी पद्धतीने २, ३, ५, ७,... असे क्रमाने भाग देत गेले असते, तरीही ६४१ ही ११६ वी अविभाज्य संख्या असल्यामुळे ११६ व्या भागाकाराला उत्तर मिळाले असते.

ऑयलर यांचा शोध : डिसेंबर १७२९ मध्ये गोल्डबाख यांनी सेंट पीटर्झबर्ग येथे असलेल्या तरुण ऑयलर यांना पत्र लिहून फेर्मा यांचे हे अनुमान ठाऊक आहे काय, अशी विचारणा केली. ऑयलर यांनी प्रारंभी या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले नाही. परंतु संख्या सिद्धांतात ते पुढे जे रमले, त्याचा आरंभ या पत्रव्यवहारापासून झाला असे मानतात. १७३२ मध्ये सेंट पीटर्झबर्ग अकादमीपुढे वाचलेल्या व १७३८ मध्ये छापलेल्या एका लहानशा निबंधात त्यांनी

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

हे अवयव दिले. ६४१ पर्यंत ते कसे पोहोचले याचा उलगडा त्या निबंधात नाही. तो १७५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाजकांविषयीच्या दुसऱ्या निबंधात आढळतो.

विचारसरणी पुढीलप्रमाणे आहे. प ही फ(५) ची अविभाज्य भाजक असल्यास २^३२ ला प ने भागून -१ (म्हणजे प - १) ही बाकी उरते. तिचा वर्ग केल्यास २^६४ ची बाकी १ येते. म्हणजे २ चा ज्या लहानात लहान घातास बाकी १ येते, तो घातांक ६४ चा भाजक आहे, पण ३२ चा नाही. अर्थात तो ६४ च असला पाहिजे. लघुप्रमेयानुसार प - १ हा घातांकही बाकी १ देतो, म्हणून प - १ ला ६४ ने भाग गेला पाहिजे. सारांश, प ही ६४क + १ या रूपाचीच असू शकते. या रूपाच्या संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१,... अशा असून त्यांपैकी १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढ्याच अविभाज्य आहेत. पहिल्या चार वगळल्या जातात व पाचव्या भागाकाराला बाकी शून्य येते.

एद्वार ल्यूका यांनी १८७८ मध्ये या निकषात सुधारणा केली. ८ ने भागल्यास १ बाकी उरणाऱ्या अविभाज्य संख्येच्या संदर्भात २ ही नेहमी वर्गशेष असते, म्हणजे एखाद्या वर्गाला त्या संख्येने भागल्यास बाकी २ उरू शकते. हे वापरले असता न = २ पासून पुढील फेर्मा संख्येचा प्रत्येक अविभाज्य भाजक क × २^(न+२) + १ या रूपाचा असतो असे निघते. फ(५) साठी हे रूप १२८क + १ होते. आता ६४१ पूर्वी फक्त २५७ ही एकच अविभाज्य संख्या उरते आणि ती तर स्वतः फ(३) असल्यामुळे वर सांगितल्याप्रमाणे फ(५) ची भाजक असूच शकत नाही. म्हणजे ज्याला हे दोन नियम ठाऊक आहेत, त्याला पहिलाच भागाकार ६४१ ने करावा लागतो.

दुसरा अवयव ६७,००,४१७ हा अविभाज्य आहे, हेही या निकषाने थोडक्यात ठरविता येते. त्याचे वर्गमूळ २,५८८ व २,५८९ यांच्या दरम्यान आहे. त्या मर्यादेपर्यंत १२८क + १ या रूपाच्या अविभाज्य संख्या २५७, ६४१, ७६९, १,१५३ व १,४०९ एवढ्याच आहेत. २५७ वगळून उरलेल्या चारांनी भाग दिल्यास अनुक्रमे ४४, १२०, ३३४ व ६२२ अशा बाक्या उरतात. तेव्हा फ(५) चे अविभाज्य अवयव दोनच.

भागाकार न करता सिद्धता : ६४१ ने फ(५) ला भाग जातो हे प्रत्यक्ष भागाकाराशिवाय दाखविण्याची एक चतुर युक्ती आहे. ६४१ ही संख्या दोन प्रकारे मांडता येते :

६४१ = ५ × २^७ + १ ; ६४१ = ५^४ + २^४.

पहिल्या मांडणीवरून ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी -१ येते. दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतल्यास ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. दुसऱ्या मांडणीवरून ५^४ च्या जागी -२^४ लिहिता येते. त्यामुळे -२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य होते. हीच गोष्ट शेषांची भाषा न वापरताही मांडता येते. अ = १२८ व ब = ५ घेतल्यास अ - ब^३ = ३ आणि म्हणून १ + अब - ब^४ = १ + ३ब = १६ = २^४. त्यावरून

२^३२ + १ = (१ + अब - ब^४)अ^४ + १ = (१ + अब) [अ^४ + (१ - अब)(१ + अ^२ब^२)].

पहिला कंस ६४१ आहे. चौकटी कंसाची किंमत २६,८४,३५,४५६ - ६३९ × ४,०९,६०१ = ६७,००,४१७ अशी येते व दुसरा अवयवही त्याच ओळीत हाती येतो.

दोन वर्गांची बेरीज : ४ ने भागल्यास १ बाकी उरणारी कोणतीही अविभाज्य संख्या दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येते, हा फेर्मा यांचाच आणखी एक सिद्धांत असून त्याची सिद्धता ऑयलर यांनी दिली. एखादी संख्या दोन वेगवेगळ्या प्रकारे अशी मांडता आली, तर ती संयुक्त आहे असे त्यावरून निश्चित होते. फ(५) ची एक मांडणी तर तिच्या व्याख्येतच आहे. दुसरी शोधावी लागते :

४,२९,४९,६७,२९७ = ६५,५३६^२ + १^२ = ६२,२६४^२ + २०,४४९^२.

या दोन मांडण्यांवरून अवयव काढण्याची रीत अशी : दोन्ही बाजूंतील वर्गांची अदलाबदल केल्यास ६५,५३६^२ - ६२,२६४^२ = २०,४४९^२ - १^२ होते, म्हणजेच ३,२७२ × १,२७,८०० = २०,४४८ × २०,४५०; दोन्ही गुणाकार ४१,८१,६१,६०० आहेत. ३,२७२ व २०,४५० यांचा महत्तम साधारण विभाजक ८१८ असून त्याने भाग दिल्यास ४ व २५ या संख्या राहतात. ४^२ + २५^२ = ६४१, आणि हाच अपेक्षित अवयव होय. दुसऱ्या अवयवाची मांडणी २,५५६^२ + ४०९^२ अशी आहे. दोन अवयवांच्या मांडण्या ब्रह्मगुप्त यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नित्यसमीकरणाने गुणल्यास २५ × २,५५६ + ४ × ४०९ = ६५,५३६ आणि २५ × ४०९ - ४ × २,५५६ = १०,२२५ - १०,२२४ = १ हे आकडे मिळतात व मूळची मांडणी परत येते; चिन्हे बदलली की दुसरी येते. तिच्यातील २०,४४९ ही संख्या स्वतः १४३ चा वर्ग आहे. हा निव्वळ योगायोग दिसतो.

भाजकांशी निगडित इतर संख्या यानंतर सहज काढता येतात. फ(५) ला १, ६४१, ६७,००,४१७ व ती स्वतः असे चारच भाजक असून त्यांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६ होते. तिच्याहून लहान व तिच्याशी समान भाजक नसलेल्या धन पूर्णांकांची संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४० आहे.

अविभाज्यतेची कसोटी : लघुप्रमेयाचा व्यत्यास खरा आहे, म्हणजे २^(म-१) ला म ने भागून बाकी १ उरली की म ही अविभाज्यच असते, असा समज पुष्कळ काळ प्रचलित होता. फ(५) ही संख्या त्याचे खंडन करते. २^६४ ला तिने भागल्यास बाकी १ येते आणि फ(५) - १ = २^३२ ला ६४ ने भाग जातो; तेव्हा २ हा आधार घेऊन केलेल्या कसोटीला ती पूर्णपणे उतरते, पण असते मात्र संयुक्त. अशा संख्यांना छद्म-अविभाज्य म्हणतात. किंबहुना, सर्वच फेर्मा संख्या, अविभाज्य असोत वा नसोत, या कसोटीला उतरतात. फेर्मा यांनी २ च्या घातांवर ही कसोटी करून पाहिली असेल, तर तिने त्यांचा विश्वास दृढच केला असेल.

आधार म्हणून २ ऐवजी ३ घेतल्यास चित्र पालटते. तेओफील पेपँ यांनी १८७७ मध्ये दिलेल्या कसोटीनुसार ३ चा [फ(न) - १]/२ वा घात घेऊन त्याला फ(न) ने भागल्यास बाकी -१ आली तरच फ(न) अविभाज्य असते. फ(५) साठी ३ पासून आरंभ करून ३१ वेळा वर्ग करावयाचा व प्रत्येक वेळी बाकी ठेवावयाची. संख्या अविभाज्य असती, तर ३२ व्या वर्गाला बाकी १ आली असती. प्रत्यक्षात ती ३,०२,९०,२६,१६० येते. दहा अंकी संख्यांचे ३२ वर्ग व भागाकार कागदावर करणे हे कंटाळवाणे खरे, परंतु अशक्य नव्हे. या कसोटीचे वैशिष्ट्य असे की, संख्या संयुक्त असल्याचे ती निःसंशय सांगते, मात्र भाजक कोणता याविषयी काहीच सांगत नाही.

सुसम बहुभुज : फेर्मा संख्यांना भूमितीत अनपेक्षित स्थान मिळाले, ते कार्ल फ्रीड्रिख गौस यांच्यामुळे. १७९६ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने काढता येतो, हे सिद्ध केले. ग्रीक काळानंतर या प्रश्नात पडलेली ती पहिलीच भर होती. १८०१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सर्वसाधारण नियम दिला : बाजूंच्या संख्येतील विषम अविभाज्य अवयव हे सर्व फेर्मा संख्या असतील व प्रत्येक एकदाच येत असेल, तर रचना शक्य आहे. अन्यथा ती अशक्य आहे, याची सिद्धता पिअर वाँत्सेल यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केली. २५७ बाजूंची रचना रिखेलो यांनी १८३२ मध्ये दिली. ६५,५३७ बाजूंच्या रचनेवर हेर्मेस यांनी दहा वर्षांहून अधिक काळ घालविला व त्यांचे भले मोठे हस्तलिखित गटिंगेन येथे ठेवण्यात आले. त्या रचनेचा व्यवहारात उपयोग शून्य आहे हे सांगावयास नकोच.

फेर्मा यांचे अनुमान खरे ठरले असते, तर ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा सुसम बहुभुजही या यादीत आला असता. ती संख्या संयुक्त असल्यामुळे व तिचे दोन्ही अवयव फेर्मा संख्या नसल्यामुळे अशी रचना अशक्य आहे. याउलट तिच्याहून दोनच बाजू कमी असलेला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. कारण ती संख्या पाचही ज्ञात अविभाज्य फेर्मा संख्यांचा गुणाकार आहे. या पाचांच्या गुणाकारांतून मिळणाऱ्या, १ सोडून, ३१ विषम संख्या आहेत व विषम बाजूंचे रचनाक्षम असे ज्ञात बहुभुज तेवढेच.

या ३१ संख्यांची यादी एका निराळ्याच ठिकाणी सापडते. पास्काल त्रिकोणात (पिंगल यांच्या छंदःशास्त्रावरील हलायुध यांच्या टीकेतील मेरुप्रस्तारात) प्रत्येक सम संख्येच्या जागी ० व विषम संख्येच्या जागी १ लिहून प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतील संख्या म्हणून वाचल्यास १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७,... अशी मालिका मिळते. शिखरावरील ओळ शून्यावी धरल्यास पहिल्या ते एकतिसाव्या ओळीपर्यंत नेमक्या वरील ३१ संख्या चढत्या क्रमाने येतात. बत्तिसाव्या ओळीत दोन टोके सोडून सर्व संख्या सम असल्यामुळे ती ओळ १, मग ३१ शून्ये व शेवटी १ अशी होते. म्हणजेच ती फ(५) होय. रचनाक्षम बहुभुजांची मालिका नेमकी येथेच तुटते.

नंतरचा इतिहास : झेरा कोलबर्न या अमेरिकन मुलाला १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये त्याच्या मनोगणिताच्या प्रयोगांत हीच संख्या घातली असता त्याने ६४१ हा भाजक तोंडी सांगितला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्या वेळी तो जेमतेम आठ वर्षांचा होता. आपण उत्तर कसे काढतो, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नसे.

फ(५) नंतरच्या संख्यांचा मागोवा घेणे कसोट्यांच्या व यंत्रांच्या प्रगतीबरोबर शक्य झाले. फ(६) = १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७ हिचे २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ असे अवयव लांद्री यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले; क्लाउझेन यांना ते त्यापूर्वी सु. पंचवीस वर्षे माहीत होते, हे नंतर उघडकीस आले. ३९ अंकी फ(७) संयुक्त असल्याचे १९०५ मध्ये पेपँ यांच्या पद्धतीने कळले. पण तिचे अवयव मॉरिसन व ब्रिलहार्ट यांना १९७० मध्ये, संगणकाच्या मदतीने सापडले. ‘संयुक्त आहे’ हे समजणे व ‘अवयव अमुक आहेत’ हे समजणे यांत तब्बल पासष्ट वर्षे गेली. फ(८) चे अवयव १९८० मध्ये, फ(११) चे १९८८ मध्ये, फ(९) चे १९९० मध्ये व फ(१०) चे १९९५ मध्ये पूर्ण झाले. फ(१२) चे काही अवयव ज्ञात असले, तरी तिचे संपूर्ण अवयवीकरण झालेले नाही. फ(२०) व फ(२४) या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, परंतु त्यांचा एकही भाजक ज्ञात नाही.

फ(५) पासून फ(३२) पर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त ठरल्या आहेत. फेर्मा यांनी ज्या पाच उदाहरणांवरून अनुमान बांधले, त्यांत सहाव्या अविभाज्य संख्येची भर अद्याप पडलेली नाही. संभाव्यतेच्या ढोबळ हिशोबाने अविभाज्य फेर्मा संख्या सांत असाव्यात व बहुधा या पाचच असाव्यात असे दिसते. सिद्धता मात्र कोणत्याच बाजूची नाही. गॉटहोल्ट आयझेनश्टाइन यांनी तर १८४४ मध्ये त्या अनंत आहेत हे सिद्ध करण्याचा प्रश्न मांडला होता. फेर्मा संख्यांपैकी अनंत संख्या संयुक्त आहेत किंवा काय, एवढेदेखील सिद्ध झालेले नाही.

व्यवहारात २^(२^न) + १ या संख्यांचा उपयोग त्या अविभाज्य आहेत की नाहीत यावर अवलंबून नसतो. द्विमान पद्धतीतील एखाद्या मोठ्या संख्येला फ(५) ने भागून बाकी काढावयाची असल्यास उजवीकडून ३२-३२ अंकांचे गट पाडून ते आलटून पालटून मिळविले व वजा केले म्हणजे पुरते; दशमान पद्धतीत ११ ने भाग जातो की नाही हे पाहण्याची शाळेतील रीत हीच आहे. या सोयीमुळेच आर्नोल्ट शनहागे व फोल्कर श्ट्रासेन यांनी १९७१ मध्ये अतिप्रचंड संख्यांच्या जलद गुणाकाराची जी पद्धत दिली, तिच्यात या रूपाच्या संख्यांनी भागून उरणाऱ्या शेषांवर सर्व क्रिया केल्या जातात. फेर्मा संख्यांच्या अविभाज्यतेच्या आधुनिक तपासण्यांतही लक्षावधी अंकी संख्यांचे वर्ग याच धर्तीच्या पद्धतींनी करण्यात येतात. फ(३३) ही अडीच अब्जांहून अधिक अंकांची संख्या असल्यामुळे तिच्यावर पेपँ यांची कसोटी पूर्ण करणे अद्याप शक्य झालेले नाही, व तिचा भाजकही मिळालेला नाही. जिचे स्वरूप अनिर्णित आहे अशी ती सर्वांत लहान फेर्मा संख्या होय.